लाँचला कोणतं इंजिन बसवावं

बाबांना पोहता येत नव्हतं, आणि धरणावरच्या सरकारी लाँचचा कार्यभार त्यांच्याकडे होता. लग्नानंतर सासरी हे सांगितलं तेव्हा सगळे पोट धरून हसले, पण आमच्या घरात त्यात कुणालाच काही वावगं दिसत नसे. बाबा धरणावर ओव्हरसियर होते. दरवाजांना ग्रीस लागलं की नाही, पाणी किती चढलं, वसाहतीतले किती दिवे गेले आणि लाँच चालू आहे की बंद, हे सगळं त्यांनीच बघायचं. लाँचमध्ये ते अगदी मधोमध बसत, दोन गुडघ्यांमध्ये छत्री उभी धरून, आणि पलीकडचा काठ येईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलत नसत. आजोबा यवतमाळच्या कचेरीत, पणजोबाही कुठल्याशा कचेरीतच. पाण्याशी आमच्या घराण्याचा संबंध काय तो संध्येच्या पळीपंचपात्रापुरता.

आमचं क्वार्टर धरणाच्या भिंतीखाली होतं. दोन खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, मागे आईने लावलेली आंबाडी आणि चार वांग्याची झाडं. आई म्हणायची, "डोक्यावर एवढं पाणी आणि नळाला दोन बादल्या." सकाळी तिचा स्टोव्ह फुरफुरायला लागला की मी जागी व्हायची. ज्वारीच्या भाकरी, कैरीचा तक्कू, आणि कुणी पाहुणा यायचा असला की पाटोडीचा रस्सा. शेजारच्या क्वार्टरमध्ये मासे तळायला घेतले की आई आमची खिडकी लावून घ्यायची, आणि ती आत गेली की मी ती उघडायची. मी तेव्हा यवतमाळला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि सुट्टीला घरी आले होते. पहिल्या वर्षाला असलेल्या माणसाला जगातलं जेवढं कळतं तेवढं नंतर कधीच कळत नाही. मला तर भौतिकशास्त्रात वर्गात पहिला नंबर मिळाला होता, त्यामुळे माझ्याशी बोलायची सोय नव्हती.

लाँच लोखंडी होती, चांगली लांब, वीस-पंचवीस माणसं बसतील अशी. समुद्राकडच्या कुठल्याशा बंदरावर अर्धं आयुष्य काढून ती ट्रकवरून आमच्याकडे आली होती. इंजिन आत, मागच्या बाजूला, लाकडी पेटीत बसवलेलं. पेट्रोलवर सुरू व्हायचं आणि तापलं की रॉकेलवर चालायचं. ती चालवायचे थावरूभाऊ. पलीकडच्या काठावर त्यांचा तांडा होता. धरण भरलं तेव्हा तांड्याचा रस्ता पाण्याखाली गेला, आणि त्या बदल्यात खात्याने ही लाँच दिली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक नदीच्या पात्रातून चालत येत. पण पाणी एकदा भरलं की बाजार, दवाखाना, शाळा, एसटी, सगळं आमच्या काठावर आणि तांडा त्या काठावर. फिरून यायचं तर सबंध दिवस मोडायचा. म्हणून लाँच सकाळी एकदा यायची आणि संध्याकाळी एकदा जायची. दुधाच्या कॅन, भाजीची गाठोडी, शाळेच्या मुली, कधी खाटेवरचा आजारी माणूस, सगळे त्यातूनच येत. रात्री ती तांड्याच्याच काठाला बांधलेली असायची. थावरूभाऊंचे पूर्वज म्हणे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखातून फिरायचे. "आमी वझं वाह्यणारेच," ते म्हणायचे, "तवा बैल होते, आता हे हाय."

त्या वर्षी चैत्रातच इंजिन गेलं. गार पाणी ओढून घेणाऱ्या नळीत शेवाळ अडकलं, इंजिन भट्टीसारखं तापलं आणि ब्लॉकला नखभर रुंद तडा गेला. तसं इंजिन बनवणं कारखान्याने केव्हाच बंद केलं होतं. बाबांनी वर लिहिलं. वरून कागद आला की नवीन मिळणार नाही. हाताशी असेल ते बसवून पाणी भरायच्या आत लाँच चालू करून दाखवा, नाहीतर ती भंगारात काढण्यात येईल. एकदा भंगारात गेली की दुसरी लाँच कोण देतं? बाबा तो कागद घेऊन जेवायला बसले. भाकर मोडली आणि तशीच हातात धरून राहिले. मला म्हणाले, "तू शिकतेस ना हे सगळं. सांग बरं, कोणतं बसवायचं?"

आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी मला काही विचारलं होतं. म्हणजे 'अभ्यास झाला का' हे रोजच विचारत, पण ज्याचं उत्तर त्यांना माहीत नाही असं काही पहिल्यांदाच. त्या आनंदात मी हातसुद्धा नीट धुतला नाही. वही काढली. हाताशी दोन इंजिनं होती. एक यवतमाळच्या वर्कशॉपमध्ये मोडीत काढलेल्या जिपचं, चांगलं चार सिलिंडरचं. दुसरं एका बंद पडलेल्या पंपहाऊसमधलं, एका सिलिंडरचं, दोन्ही बाजूंना चाकं असलेलं जुनं डिझेल इंजिन, म्हणजे गावोगावच्या पिठाच्या गिरणीत असतं तसलं धूड. जुनं इंजिन चौदा हॉर्सपॉवरचं होतं. जिपचं साठच्या घरात. गिरणीवालं दहा. मी भागाकार केला आणि सांगितलं, जिपचं बसवलं तर ताकद चौपट, म्हणजे वेग निदान दुप्पट, आणि गिरणीवालं बसवलं तर लाँचने येण्यापेक्षा तांड्याने पोहत आलेलं बरं. बाबांनी माझं पान वहीतून काळजीपूर्वक फाडून घेतलं आणि खिशात ठेवलं. अजून मला त्या घडी घातलेल्या कागदाचा अभिमान वाटतो आणि लाजही वाटते, दोन्ही एकदमच.

इंजिन पारखायची आमच्या भागात एकच रीत. ते पंपाला जोडायचं, आणि पाइपातून पडणारी पाण्याची धार किती लांब जाते ते पावलांनी मोजायचं. विहिरीवरचं असो, नदीवरचं असो, माणसं इंजिनाचं नाव विचारत नाहीत, धार विचारतात. तेव्हा लाँचसाठी आणलेलं जिपचं इंजिनही स्टोअरच्या आवारात वाळूच्या पोत्यांवर मांडलं गेलं आणि पंपाला जोडलं गेलं. बघायला सगळी वसाहत जमली. यवतमाळहून आलेल्या रज्जाकभाई मेकॅनिकने स्टार्टर मारला. धार निघाली ती आवार ओलांडून, कुंपणावरून, स्टोअरकीपरच्या सायकलवर आणि सायकलवरच्या धुतलेल्या कपड्यांवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा हसले. रज्जाकभाई तेवढे हात पुसत म्हणाले, "साहब, इंजन गाडी का है. मैं फिट कर दूँगा, बाकी पानी जाने." पण एवढी धार डोळ्यांनी पाहिल्यावर असलं बोलणं कोण मनावर घेतं! थावरूभाऊ भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांना विचारलं, "कसं आहे?" ते म्हणाले, "धार लय लंबी हाय ताई." तेवढंच.

लाँच म्हणजे पंप नव्हे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. पाणी फेकणं वेगळं आणि पाण्यातून जाणं वेगळं. आता माझी नात मोबाइलवर असल्या होड्यांचे व्हिडिओ बघते, आणि त्यात कुणीतरी दोन मिनिटांत समजावून सांगतं की जड नावेला ठरावीक वेगापुढे कितीही ताकद लावा, ती आपल्याच लाटेच्या मागे अडकून बसते. मला ते समजायला एक अख्खा उन्हाळा लागला, आणि माझ्यापायी तांड्यालाही.

चाचणी ज्येष्ठात झाली. पाणी उतरलेलं, आणि जागोजागी बुडालेल्या बाभळींचे काळे शेंडे वर आलेले. लाँचमध्ये बाबा, मी, रज्जाकभाई, थावरूभाऊ, आणि नारळ घेऊन आलेल्या तांड्याच्या चार बाया. त्यात थावरूभाऊंची बायको जमनीबाई होती. उंच, हातभर बांगड्या, आणि बोलण्यापेक्षा बघण्यावर भर. नारळ फुटला. इंजिन डरकाळी फोडून सुरू झालं. हळू चालवलं तेव्हा लाँच आधी चालायची तशीच चालली. मी म्हटलं, "वाढवा ना!" वाढवलं. आवाज दुप्पट झाला, मागे पांढरा फेस उसळला, शेपूट खाली बसलं, नाक वर आलं, आणि वेग होता तेवढाच राहिला. आणखी वाढवलं. आणखी फेस. एक बाई कानावर हात ठेवून दुसरीला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. मग समोरून वारा सुटला, पाण्याचे तुषार आत आले, इंजिनाच्या वायरी भिजल्या, आणि ते खोकलं आणि बंद पडलं. रज्जाकभाईंनी स्टार्टर मारला. पुन्हा मारला. दहाव्यांदा बॅटरीने नुसतं 'टक' केलं आणि तीही गेली. जिपला समोरून हँडल मारायची सोय असते, पण आम्ही इंजिन असं बसवलं होतं की त्याच्या नाकासमोर लोखंडी आडभिंत. हँडल हातात, घालायला जागा नाही.

वाऱ्याने आम्हाला हळूहळू बाभळींमध्ये नेऊन अडकवलं. भीतीदायक असं काही नव्हतं. ऊन होतं, काठ दिसत होता, बायांनी फोडलेलं खोबरं वाटलं. बाबा मात्र छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरून बसले होते. दोन तासांनी मासे धरणाऱ्यांचा एक तराफा आला आणि त्याने दोर लावून आम्हाला ओढत काठाला आणलं. अख्खी वसाहत भिंतीवर उभी राहून बघत होती. साठ घोड्यांची लाँच दोन बांबूंच्या जोरावर परत आली!

काठावर उतरल्यावर मी थावरूभाऊंना गाठलं. "तुम्हाला आधीच माहीत होतं का?"

"माहीत कायचं ताई. वाटलं होतं मले."

"मग बोलला काहून नाही?"

"तुमी कागदावर लिवलं होतं ना. लिवलेलं खोडाले मले थोडीच येते?"

त्यांना राग आला असता, त्यांनी टोमणा मारला असता, तर बरं झालं असतं. ते खरंच तसं समजत होते. माझ्या एका पानापुढे त्यांची बारा वर्षांची पाण्यावरची नोकरी गप्प बसली होती. मी घरी येऊन बाजेवर पालथी पडले आणि रडले. लाँच भंगारात जाणार, तांडा पलीकडे अडकणार, आणि त्याला कारण मी. पाऊस तोंडावर आला होता.

दोन दिवस बाबा भाजी पुढे केली तर हाताने नको म्हणायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा स्टोव्ह बंद पडला. तिने पिन घेतली, बर्नरच्या भोकात दोनदा खुपसली, पंप मारला, काडी लावली, आणि स्टोव्ह परत फुरफुरायला लागला. मागे वळूनही न बघता ती म्हणाली, "तुमच्या त्या साठ घोड्यांपेक्षा माझा स्टोव्ह बरा. बंद पडला तर मला पेटवता तरी येतो." बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मी आईकडे बघतच राहिले. तिने आमच्या दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "काय झालं? साखर कमी पडली का?"

त्याच दिवशी मी बाबांना म्हटलं की चूक माझी होती, कागद परत द्या, मी खाली तसं लिहून देते. ते म्हणाले, "सही माझी आहे. तू कायले मधात येतेस?" मग थोड्या वेळाने, "चल, तांड्यावर जाऊन येऊ." तीन वर्षं बाबा तांड्याची ने-आण करत होते, पण त्या काठाला उतरून वर तांड्यापर्यंत एकदाही गेले नव्हते. भिंतीजवळ पाणी होतं, पण वरच्या अंगाला पात्र कोरडं होतं. आम्ही दगडांवरून चालत गेलो, बाबा छत्री घेऊन पुढे, मी मागे. वर पोचण्याआधीच आवाज ऐकू आला. पुक, पुक, पुक, मध्ये एक श्वास घेतल्यासारखी जागा, आणि पुन्हा पुक. तांड्याची पिठाची गिरणी.

गिरणी थावरूभाऊंची होती, पण ते दिवसभर लाँचवर असायचे, म्हणून ती जमनीबाई चालवायची. हे मला माहीतच नव्हतं. ती पिठाने भुवयांपर्यंत पांढरी झाली होती. बाबांना बघून तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि पट्टा उतरवला. थावरूभाऊंची म्हातारी आई दारात बसली होती. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. बाबांनी खिशातून वही काढली आणि परीक्षक विचारतो तसे प्रश्न विचारायला सुरुवात केली. इंजिन किती वर्षांचं? कोण दुरुस्त करतं? बंद पडलं तर?

"बंद पाडू का?" जमनीबाईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पाडलंही. डिझेलच्या नळीचा एक नट सैल करून तिने आत हवा जाऊ दिली. इंजिन दोनदा अडखळलं आणि थांबलं. मग तिने तोच नट धरून हाताने डिझेल चढवलं. नटाभोवती आधी फेस आला, मग बिनफेसाचं डिझेल आलं, तसा तिने नट आवळला. एक खटका वर केला, हँडल लावलं, दोन्ही पाय रोवले, चाकाने वेग घेतला आणि तिने खटका पाडला. पुक. पुक. पुक. सगळं मिळून माझी एक वेणी घालून होईल एवढ्या वेळात. "हे आमच्याइथे पाच जणींले येते," ती म्हणाली. "मी बाजाराले गेली तर कोणीतरी पाह्यजे ना."

"पण असलं बसवलं तर ती फार हळू चालेल," बाबा म्हणाले. "लाँच. आधीपेक्षाही हळू."

लाँच बंद म्हणून घरीच असलेले थावरूभाऊ पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलले. "सायेब, आमचा आजा सांगे, लदेणी घेऊन निंगाले की समोर जो बैल चालवत, तो काई सगळ्यात ताकदीचा नसे. ज्याची चाल बाकीच्यायले धरता येईल, तो. ताकदवाला समोर ठेवला का तो गेला निंगून आन् मागचे राह्यले रानात. आमाले घाई कायची हाय? पोचलं म्हंजे झालं."

म्हातारी याडी तेवढ्यात काहीतरी म्हणाली. जमनीबाई हसून म्हणाली, "ती इचारते, सायेबाले भूक लागली का?" बाबा आयुष्यात कुणाच्या घरी बोलावल्याशिवाय पाणी प्यायले नव्हते. त्या दिवशी ते गिरणीच्या ओट्यावर बसले, आणि त्यांनी ज्वारीची भाकर, तिला तिथे बाटी म्हणतात, लसणाच्या तिखटाबरोबर अख्खी खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबले नाहीत. घरी आल्यावर आईने जेवायला वाढलं तर म्हणाले, झालं माझं. आईने कुठे म्हणून विचारलं नाही. त्यांच्या शर्टावर पीठ होतं.

मग कामाला लागलो. जिपचं इंजिन उतरवलं. पंपहाऊसमधलं धूड बैलगाडीवर घालून आणलं. त्याच्या थरथरण्याने लोखंडाचे जोड सुटू नयेत म्हणून खाली सागाचे दोन जाड ओंडके घातले. ते तांड्याच्या लोकांनी तासून दिले. इंजिनापासून पाण्यातल्या पंख्याच्या दांड्यापर्यंत गिरणीसारखाच पट्टा. चाकांचे व्यास मोजून पंख्याला किती फेरे मिळतील ते मी काढलं. या वेळी आकडा काढला आणि आधी थावरूभाऊंकडे गेले. ते म्हणाले, जुन्या इंजिनाच्या वेळेस पंखा किती फिरे ते मले आकड्यात नाई येत, पण आवाजात येते. मग काठावर बसून त्यांनी मांडीवर थाप मारत मला तो ठेका दाखवला आणि मी बाबांच्या घड्याळावर मोजला. माझा आकडा आणि त्यांची थाप यांत थोडं अंतर पडलं. आम्ही थाप धरली आणि चाक बदललं. रज्जाकभाई दोनदा यवतमाळहून आले, आणि दुसऱ्यांदा त्यांनी इंजिनाला प्रेमाने एक चापट मारली.

एक गोष्ट आम्हाला सोडावी लागली. या इंजिनाला मागे जायची सोय नव्हती. लाँच फक्त पुढे जाणार. काठाला लागायचं तर आधीच पट्टा सैल करायचा आणि उरलेल्या वेगावर तिला येऊ द्यायचं. पाऊस सुरू झाल्यावर पहिले आठ दिवस थावरूभाऊ रोज कुठेतरी धडकले. मग कुठे पट्टा सोडायचा ते त्यांना कळलं. बाभळीचा एक वाकडा शेंडा होता, तो उजव्या हाताला आला की सोडायचा. वरचे साहेब बघायला आले, लाँचमध्ये बसले, इंजिनाच्या हादऱ्याने त्यांच्या मांडीवरच्या कागदांचा ढीग घसरला. "ही तर गिरणी आहे," ते म्हणाले. बाबा म्हणाले, "हो साहेब." लाँच भंगारात गेली नाही. मी सुट्टी संपवून यवतमाळला गेले.

दिवाळीला घरी आले तेव्हा धरण काठोकाठ भरलेलं होतं. थावरूभाऊंना हिवताप झाला होता. चार दिवस लाँच पलीकडेच बांधलेली. नियमाप्रमाणे चालवायचा परवाना एकट्या थावरूभाऊंकडे, दुसऱ्या कुणाकडेही नाही, आणि परवान्याशिवाय कुणी लाँच चालवली तर ते वर कळवायची जबाबदारी बाबांची. नवीन माणूस मागवायचा तर आधी लाँच बंद असल्याचं लिहून द्यायला हवं, आणि एकदा 'बंद' लिहिलं की ती पुन्हा चालू करायला वरचे साहेब परत येणार. शिवाय पाचव्या दिवशी दिवाळीचा बाजार. त्या दिवशी बाबा कागद पुढे घेऊन पहाटेपासून बसले होते. शेवटी त्यांनी टोपी घातली, छत्री घेतली आणि उगाच धक्क्याकडे निघाले. मीही गेले. पलीकडचा काठ धुक्यात होता. आम्ही दोघं उभे राहिलो.

आवाज आधी मला ऐकू आला. पुक, पुक, पुक. बाबांनी माझा दंड धरला. धुक्यातून लाँच आली, तिच्या नेहमीच्या संथ चालीने, आणि त्यात नुसत्या बायाच बाया. रंगीत ओढण्या, दुधाच्या कॅन, शाळेच्या नाही पण बाजाराच्या तयारीत आलेल्या पोरी. सुकाणूवर जमनीबाई उभी होती. इंजिनाच्या पेटीजवळ दुसरी एक बाई गुडघ्यांवर बसून पट्ट्याकडे बघत होती. याडी म्हातारी अगदी मधोमध, बाबांच्या जागेवर. पट्टा त्यांनी जरा उशिरा सोडला. लाँच धक्क्याला चांगली धडकली, कॅन आपटल्या, आणि बायांचं हसणं भिंतीवर जाऊन परत आलं. मग सगळ्यांनी बाबांना पाहिलं आणि हसणं थांबलं. जमनीबाईने दोर हातात घेतला, पण तो फेकायचा की नाही ते तिला कळेना. तिने बाबांकडे बघितलं. तिला नियम ठाऊक होता. तो सगळ्या तांड्याला ठाऊक होता.

बाबांनी छत्री माझ्याकडे दिली. धक्क्याच्या अगदी टोकाशी गेले, जिथे ते कधी जात नसत, आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. जमनीबाईने दोर फेकला. त्यांनी तो धरला, आणि कशी गाठ मारायची ते माहीत नसल्याने तसाच घट्ट धरून उभे राहिले. बाया एकेक करून उतरल्या, त्यांच्या शेजारून बाजाराकडे गेल्या. शेवटी जमनीबाई उतरली आणि मान खाली घालून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"जमनीबाई," बाबा म्हणाले, "उद्या सकाळची फेरी किती वाजता आणाल?"